पुरीएवढी जागा

काल दुपारी रेवाने फोटो पाठवले. कुठल्याशा दुकानात एका रांगेत उभी केलेली फोमची हरणं. एकाची मान वळलेली, एकाचे कान टवकारलेले, तर एक खाली वाकून चरत असल्यासारखं. खाली एवढंच लिहिलं होतं: "आई, कोणतं घेऊ? फेस बघून सांग."

रेवा माझी मुलगी. गेल्या वर्षी नोकरीसाठी इथून पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला गेली. तिथे झाडांची निगा राखणाऱ्या एका कंपनीत काम करते. यंदा ती तिकडच्या जंगलात धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला जाणार आहे. मी सोबत नसताना पहिल्यांदाच. मोसम सुरू व्हायला अजून वेळ आहे, पण सरावासाठी टार्गेट हवं. म्हणून हे फोटो.

उत्तर देण्याआधी मी अंगावर शाल घेतली आणि मागच्या अंगणात आमचं जुनं हरीण उभं असतं तिथे गेले. आमच्या इथे श्रूजबरीत ऑक्टोबर लागला की मेपलची झाडं अशी काही पेटतात की इतकी वर्षं इथे काढूनही मी दरवर्षी दारात थबकते. ओल्या पानांचा वास, कोणाच्या तरी घरच्या धुराचा वास, आणि दुपारी तीनलाच कलायला लागलेलं ऊन. हा वास आला की मला हल्ली दिवाळीच्याही आधी तो एक मोसम आठवतो. रेवा कॉलेज संपवून नोकरी लागेपर्यंत घरी होती, तो.

त्या वर्षी एका रविवारी मी मटण केलं होतं. मी नागपूरची, त्यामुळे रस्सा कसा असेल ते सांगायला नको. रेवाने ताट पुढे ओढलं, पण जेवेना. म्हणाली, "आई, मी आयुष्यभर मीट खाल्लंय आणि एकदाही ॲनिमलकडे बघितलं नाहीये. इट फील्स लाइक चीटिंग." मला वाटलं, झालं, आता ही मांसाहार सोडणार. इथे जन्मलेली मुलं सोडतातच एखाद दिवशी. पण हिचं गाडं भलत्याच वळणाला लागलं. "मी एकदा तरी स्वतः हंट करणार. विथ अ बो. बंदूक नको. लांबून नाही मारायचं मला."

श्रीकांत, माझा नवरा, पुण्याचा आणि शाकाहारी. त्याने पापड मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत सगळा दोष माझ्या माहेराचा होता.

मी रागावले नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. बाणाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की तो लागतो, पण नीट लागला नाही तर जनावर तो अंगात घेऊन पळतं. कुठल्या तरी झुडपात पडून रात्रभर तडफडतं. ते काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून मी रेवाला सांगितलं, "जा. पण माझी एक अट आहे. अर्धमेलं करून सोडायचं नाही. तुझा नेम मला पटला तरच जायचं, आणि पटला की नाही ते मी ठरवणार." ती "डील" म्हणाली. मला धनुष्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यावाचून परीक्षक व्हायचं कधी आपलं अडलं नाही.

सराव सुरू झाला तो एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर. श्रीकांतने कुठल्या तरी यंत्राच्या खोक्यात वर्तमानपत्रं कोंबून ते मागच्या मातीच्या उतारापुढे ठेवलं. रेवाचं धनुष्य आपल्या डोक्यातल्या धनुष्यासारखं नव्हतं. दोन टोकांना चाकं, दोऱ्यांचं जाळं, सुटताना फक्त एक बारीक आवाज. पहिला बाण खोक्याच्या या बाजूने शिरला, त्या बाजूने निघाला आणि मागच्या मातीत पिसांपर्यंत रुतला. श्रीकांतने त्या भोकात बोट घालून पाहिलं. "यार, हे खेळणं नाहीये," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून तो शाकाहारी माणूस रोज संध्याकाळी टार्गेटविषयी वाचायला लागला.

बाण अडवायला काहीतरी घट्ट आणि मऊ हवं, हे त्याच्या वाचनातून निघालं, आणि तिथे माझा नंबर लागला. घट्ट आणि मऊ म्हणजे गोधडी. ते शास्त्र मला आईने शिकवलेलं. तांदळाची रिकामी पोती गराजमध्ये होतीच, इंडियन स्टोअरमधून आणलेली, झिपवाली. विरलेल्या साड्या, रेवाचे लहानपणचे फ्रॉक, श्रीकांतचे कॉलेजातले टीशर्ट असं सगळं घड्या घालून, एकावर एक दाबून मी त्यात भरायला बसले. माझी मैत्रीण शुभदा, निवृत्त डॉक्टर, तिच्याही घरचं एक गाठोडं घेऊन आली. "माझ्या साड्यांची अशी सद्गती होईल असं वाटलं नव्हतं," म्हणत माझ्याबरोबर घड्या घालत बसली. रेवा तिला शुभदामावशी म्हणते, आणि मावशीचा उत्साह असा की हुक न काढताच तिने ब्लाउज भरले. दुसऱ्याच दिवशी पोत्यातून टिंग असा आवाज आला आणि बाणाचं टोक वाकडं होऊन बाहेर आलं. मग आम्ही दोघी परत सगळं उपसून ब्लाउजचे हुक कात्रीने काढत बसलो. तेवढ्यात कोपऱ्यात एक सेफ्टी पिनसुद्धा सापडली.

पण त्या पोत्याने बाण पकडले. धप्प असा आवाज यायचा, उन्हात वाळत घातलेली गादी काठीने झोडताना येतो तसा. मी स्वयंपाकघरात कणीक मळत असले की तो आवाज ऐकू यायचा. धप्प, मग शांतता, पुन्हा धप्प. काही दिवसांनी मला आवाजावरूनच कळायला लागलं की बाण मध्यावर लागला की कडेला.

शिकारीसाठी जागा दिली ती फ्रँकने. फ्रँक म्हणजे आम्ही दर वर्षी सफरचंदं तोडायला जायचो त्या बागेचा मालक. त्याच्या झाडांच्या साली हरणं सोलून खायची, त्यामुळे रेवा विचारायला गेली तेव्हा त्याने खुशीने हो म्हटलं. तोच म्हणाला की हरणाच्या अंगावर बाणासाठी एकच जागा असते, पुढच्या पायाच्या किंचित मागे, बरगड्यांच्या आत, कागदी ताटलीएवढी. तिथे लागला तर जनावराला काय झालं हे कळेपर्यंत सगळं संपतं. रेवा शिकारीच्या अंतरावरून दरवेळी ताटलीत बाण मारू शकली तर ती तयार आहे असं समजायचं.

मंडळाच्या गणपतीतून उरलेल्या कागदी ताटल्या घरात ढिगाने होत्या. रेवाने एक पोत्यावर टाचली. मी ती काढली आणि पुरीच्या झाऱ्याशेजारी ठेवून विचार केला. मग पेनाने तिच्या मधोमध पुरीएवढा गोल काढला आणि परत लावली.

"आई! फ्रँक सेड प्लेट!"

"फ्रँकला म्हणू दे. तिथे तुझे हात थरथरतील, तेव्हा पुरीची ताटली होईल. आणि ताटलीची थरथरून काय होईल ते मला बघायचं नाहीये."

ती पाय आपटत गेली, पण त्या दिवसापासून घरात 'पुरी' हाच शब्द रूढ झाला. "आज किती पुऱ्या?" असं श्रीकांत ऑफिसातून आल्या आल्या विचारायचा. शुभदाचा फोन आला की तीही तेच विचारायची.

सप्टेंबर सरत आला तसं पोतं पुरेना. शिकारीच्या बाणाला पात्यांचं टोक असतं, ते माझी गोधडी चिरून चिंध्या करेल असं श्रीकांतच्या वाचनातून निघालं. शिवाय पोतं सपाट, आणि हरीण काही सपाट नसतं. तेव्हा हरणासारखं हरीण आणायला आम्ही तिघं दुकानात गेलो.

त्या दुकानाच्या मागच्या दालनात शिरलो आणि मी उभीच राहिले. फोमची हरणं, डुकरं, टर्की आणि मागे एक अस्वल, सगळे ओळीने उभे, सगळे आमच्याकडे बघत. मला एकदम चतुर्थीच्या आधीची मूर्तिकाराची शेड आठवली. श्रीकांतलाही तेच आठवलं असणार, कारण आम्ही काही न बोलता दोघंही एकेका हरणासमोर जाऊन चेहरे बघायला लागलो. "याचे डोळे जरा रागीट आहेत गं." "हे बघ, हे शांत आहे." "याची मान छान आहे, पण नाक चपटं." आम्ही चांगला वेळ लावला. दुकानातला माणूस मदतीला आला आणि हरणाच्या पोटाचा तुकडा काढून दाखवायला लागला. तेवढाच भाग बाण खाऊन झिजतो आणि तो बदलता येतो, म्हणून लोक तेच बघून घेतात. बिचारा बोलत राहिला आणि आम्ही मान हलवत त्या शांत चेहऱ्याकडे बघत राहिलो. शेवटी तेच घेतलं. गाडीत ते माझ्या आणि रेवाच्या मधे आडवं बसलं, डोकं माझ्या मांडीवर.

चूक दुसऱ्या दिवशी कळली. पोत्यावर सरसकट पुरीत बाण मारणाऱ्या रेवाचा पहिला बाण हरणाच्या पाठीवरून गेला. दुसरा पायाशी पडला. तिसरा तिने सोडलाच नाही, दोरी ताणून उभी राहिली आणि हळूच परत सैल केली.

"आय कान्ट. इट्स लुकिंग ॲट मी, आई. तुम्ही असं का घेतलं?"

चेहरा बघून टार्गेट घेणारी माणसं त्या दुकानात आमच्याआधी आली नसणार. इतर हरणांचे डोळे नुसते रंगवलेले काळे ठिपके होते. आमच्याच्या डोळ्यांत कारागिराने काय केलं होतं देव जाणे, पण ते तुमच्याकडे बघायचं, तेही कसलीही तक्रार नसल्यासारखं. त्या चेहऱ्यापुढे मलाही उभं राहवेना.

श्रीकांतने व्यवहारी तोडगा काढला, डोक्यावर उशीचा अभ्रा घालू. रेवा अभ्रा आणायला आत निघालीसुद्धा. मी तिला थांबवलं. तो निर्णय मी का घेतला हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मी एवढंच म्हणाले, "जंगलातलं हरीण काय तोंड झाकून येणार आहे? या चेहऱ्यासमोर जमत नसेल तर जाऊ नकोस. कोणी जबरदस्ती केलेली नाही."

ती रडली. मग बरेच दिवस तिने बाण मारलाच नाही. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून त्या हरणासमोर नुसती बसायची. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, कधी तिरकी. मी चहा घेऊन गेले की म्हणायची, "इथून बघ. इथून पुरी दिसतच नाही, खांदा मधे येतो. इथून मारायचं नाही." मी तिच्या शेजारी वाकून बघायचे. समोरून, मागून, तिरक्या कोनातून त्या अंगात पुरीची जागा कुठे सरकते आणि कुठून ती नाहीशीच होते, ते मलाही दिसायला लागलं. नंतर तिने बाण हातात घेतला तेव्हा पहिला बाण पुरीच्या कडेला लागला. त्यानंतर मध्यावर. चेहऱ्याला एकदाही चुकून धक्का लागला नाही.

खंडेनवमीला श्रीकांतने सालाबादप्रमाणे लॅपटॉप आणि गाडीची किल्ली पाटावर ठेवली. रेवाने धनुष्य आणून ठेवलं. आमच्या पाटावर खरंखुरं शस्त्र येण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि आम्ही तिघंही जरा जपूनच वागत होतो. मी धनुष्याला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, तसाच हात घेऊन अंगणात गेले आणि हरणाच्या कपाळावरही बोट टेकवलं. "आता विसर्जन करशील याचं," श्रीकांत दारातून म्हणाला. रेवा मात्र हसली नाही. त्या संध्याकाळी तिचे सगळे बाण पुरीत होते. मी ताटली काढून घेतली आणि तिला म्हटलं, "जा."

जा म्हटलं खरं, पण एकटीला पाठवायचं धाडस माझ्यात नव्हतं. फ्रँकच्या बागेच्या टोकाला, जंगल सुरू होतं तिथे, त्याने कापडाचा बुटका तंबू उभारून दिला होता. त्यात दोन घडीच्या खुर्च्या मावायच्या. उजाडायच्या आधी आम्ही मायलेकी जाऊन बसायचो. बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं नाही. आयुष्यात मी एवढी गप्प कधी बसले नव्हते. आधी काही दिसत नसे, मग झाडांचे बुंधे वेगळे व्हायचे, मग गवतावरचं दव दिसायचं. मग एक पक्षी, मग पुष्कळ. दिवस कसा उगवतो हे मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा बघत होते. मला तिथे देवळासारखं वाटायचं, आणि हे शब्द मी सहजासहजी वापरत नाही.

पहिल्यांदा आली ती एक हरिणी, थेट समोरून. इतकी जवळ की तिच्या नाकाचं ओलेपण दिसत होतं. रेवाने दोरी ताणली, धरून ठेवली. हरिणी आमच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि वळलीच नाही. रेवाचे खांदे थरथरायला लागले. मग तिने दोरी हळूहळू सैल केली. हरिणीने पाय आपटला, शेपटीचं पांढरं उलगडून उडी मारली आणि गेली. रेवा माझ्या कानाशी म्हणाली, "नो पुरी." त्या क्षणी मला तिचा जितका अभिमान वाटला तितका तिच्या पदवीदान समारंभात वाटला नव्हता.

पुढल्या शनिवारी एक तरुण नर आला. सफरचंदांच्या झाडांखालून, पडलेली फळं हुंगत, कसलीही घाई नसल्यासारखा. तो थांबला. वळला. एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याची कूस आमच्यापुढे उघडी झाली. माझ्या डोळ्यांनी आपोआप ती जागा शोधली. आणि तिथे मला काय दिसलं, तर श्वास. कातडीखाली बरगड्या उचलल्या जात होत्या आणि खाली बसत होत्या. नाकाशी वाफ येत होती, विरत होती. आम्ही एवढे दिवस ज्या पुरीवर बाण मारले ती त्याच्या श्वासाची जागा होती. फोममध्ये हे एवढंच नव्हतं. त्याच वेळी शेजारी तो बारीक आवाज झाला.

तो उसळला, पळाला आणि झाडीत दिसेनासा झाला. काहीतरी मोडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

लगेच मागे जायचं नाही, असं फ्रँकने बजावलं होतं. थांबायचं. ते थांबणं माझ्या जन्मात मी विसरणार नाही. रेवाने माझा हात धरला होता. आम्ही दोघी एकच विचार करत होतो: नीट लागला असेल ना. मग उठलो. मेपलची पानं सगळीकडे पडलेली, आणि त्या पानांवर लाल ठिपके निसर्गतःच असतात. प्रत्येक पान वाकून बघावं लागत होतं, हे पानाचं लाल की त्याचं. रेवा एकेक पान बोटाने पुसून बघत पुढे सरकत होती. फार पुढे जावं लागलं नाही. तो एका पडलेल्या ओंडक्याशी कुशीवर होता, मान लांब करून, पायांखालची पानंसुद्धा न विसकटलेली. तडफडल्याची कुठे खूण नव्हती.

रेवा गुडघ्यांवर बसली. एरवी वाक्यावाक्यात इंग्रजी मिसळणारी ही मुलगी लहानपणी विचारायची तसं विचारून गेली, "आई, त्याला खूप दुखलं असेल का गं?"

मी त्याच्या कुशीवर हात ठेवला. अंग अजून गरम होतं. पुढच्या पायाच्या किंचित मागे, माझ्या तळव्याखाली मावेल एवढ्या जागेत ते झालं होतं. "नाही बाळा," मी म्हणाले. "पुरीतच आहे." आणि मग मीच रडायला लागले, तिच्यापेक्षा जास्त. त्या डोळ्यांत अजून आकाश दिसत होतं. एवढं देखणं जनावर मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्यामुळे तिथे पडलेलं होतं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

तो रस्सा मी केला. हात आखडता घेऊन, कमी तिखट, म्हणजे मांसाची चव मसाल्यात बुडू नये. शुभदा आली होती, फ्रँक आला होता. फ्रँकला तेवढ्यानेही घाम फुटला. श्रीकांत नेहमीप्रमाणे वरणभात जेवला, पण रेवाशेजारी बसून. ताटं उचलताना माझ्या लक्षात आलं की कोणाच्याही ताटात एक कणही उरलेला नाही.

हे सगळं काल अंगणात उभी असताना माझ्या मनात चाललं होतं. आमचं हरीण आता पार झिजलंय. पोटाचा तुकडा भुगा झालाय, एका कानाचं टोक खारीने कुरतडलंय. चेहरा मात्र जसाच्या तसा, कपाळावर यंदाच्या कुंकवाची पुसट खूण. मी रेवाला फोन लावला. ती अजून दुकानातच होती.

"बोल आई, कोणतं? लवकर सांग, इथला माणूस माझ्याकडे विचित्र बघतोय."

"मान वळलेलं घे," मी म्हणाले. "त्याचं तोंड शांत आहे."

"मलाही तेच वाटलं होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "यू नो, तू नसशील तिथे. पुरी कोण चेक करणार?"

मी काहीतरी उत्तर देणार होते. तेवढ्यात कुंपणापलीकडची पानं वाजली. एक हरिणी आत आली, चार पावलं चालली आणि आमच्या फोमच्या हरणापाशी येऊन उभी राहिली. तिने त्याचं कपाळ हुंगलं. मग माझ्याकडे पाहिलं. पळाली नाही. तिची कूस माझ्या बाजूला होती, आणि माझी नजर सवयीने जिथे जायची तिथेच गेली.

"आई? आई, काय झालं? बोल ना."

"श्श," मी म्हणाले. "हळू बोल. ती श्वास घेतेय."